‘भात किती घेतलात?’ : इन्सुलिन सुरू झालेल्या एका घराचं प्रकरण

चिंचवडमधलं दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर. नवरा ४६ वर्षांचा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर. पाळी दर आठवड्याला बदलते: सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. बायको ४२ वर्षांची, पतसंस्थेत लिपिक. मुलगी दहावीत, सासूबाई ७१ वर्षांच्या. लग्नाला १८ वर्षं झालेली. हे प्रत्यक्षातलं कुठलंही एक घर नाही. मधुमेह असलेल्या अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे एकत्र विणून हे प्रकरण मांडलं आहे. वैद्यकीय तपशील मात्र जसेच्या तसे लागू पडणारे आहेत.

नवऱ्याला सात वर्षांपासून शुगर. गोळ्यांवर चाललं होतं, नंतर चालेना. एचबीएवनसी ९.४ आलं, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर २२०च्या पुढे. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा मिश्र इन्सुलिन सुरू केलं. हे ३०/७० प्रकारचं, पेनमधून (पेनाच्या आकाराच्या इंजेक्शनमधून) घ्यायचं, सकाळी १६ युनिट आणि रात्री १०. पेन कसं वापरायचं हे तिथल्या मुलीने पाच मिनिटांत दाखवलं. निघताना डॉक्टर बायकोकडे वळून म्हणाले, “मॅडम, आता तुम्हीच लक्ष ठेवा यांच्यावर.”

या प्रकरणातला बराचसा गुंता या एका वाक्यापासून सुरू होतो. ते वाक्य काळजीनेच म्हटलेलं असतं आणि असंख्य दवाखान्यांत रोज म्हटलं जातं. पण त्या क्षणी आजार एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची अशी फाळणी होऊन जाते. साखर वाढली की त्याची चूक असते, आणि ती वाढू दिली ही तिची.

एका गुरुवारची रात्र

दुसऱ्या पाळीचा आठवडा होता. दुपारी दीड वाजता तिने ऑफिसातून फोन केला. “अहो, भात किती घेतलात?” तो म्हणाला, “एक वाटी.” घेतला होता दोन वाट्या. संध्याकाळी ती घरी आल्यावर सासूबाईंनी खरा आकडा सांगितला.

रात्रीचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. दुसऱ्या पाळीत जेवण होतं कॅन्टीनमध्ये आठ वाजता, आणि पेन असायचं घरी फ्रिजमध्ये. पाळीवरच्या कोणाला कळू नये म्हणून तो ते नेत नव्हता. त्या दिवशी मशिन अडल्यामुळे कॅन्टीनचं जेवणही दीड पोळीवर आटोपलं. पाऊण वाजता तो घरी आला तेव्हा ती जागीच होती. “आई म्हणाल्या, दोनदा भात घेतलात.” त्याने वाढलेलं ताट बाजूला सारलं. सव्वा वाजता “निदान इंजेक्शन तरी घेतो” म्हणत १० युनिट घेतले आणि न जेवता झोपला.

साडेतीनला तो घामाने निथळत उठला. “काय होतंय?” असं तिने विचारल्यावर तो ओरडला, “काय तुझं सारखं!” तिला वाटलं, मघाचा राग अजून आहे. तिने कूस बदलली. पंधरा मिनिटांनी मुलीने पाहिलं तर तो स्वयंपाकघरात उभा, थरथरत्या हाताने डबा उघडू पाहतोय आणि उघडत नाही. सासूबाईंनी दोन बेसनाचे लाडू दिले. साखर मोजायचं मीटर शोधून मोजलं तर ५८. लाडवांनी लगेच फरक पडेना म्हणून साखरपाणी, बिस्किटं, पुन्हा साखरपाणी. सकाळी आकडा २८७. आणि नणंदेचा फोन, “वहिनी, तुमचं लक्ष नव्हतं का?”

आधी शरीराचा हिशोब

नात्याकडे वळण्याआधी औषधाचा भाग नीट पाहायला हवा. इथे अर्धं भांडण माहितीच्या कमतरतेतून आलेलं आहे.

मिश्र इन्सुलिनमधला ३० टक्के भाग लवकर काम करतो आणि साधारण दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. उरलेला ७० टक्के संथ, बारा तासांच्या पुढेही पुरणारा. सव्वा वाजता घेतलेल्या डोसचा पहिला भर साडेतीनच्या सुमारास यायचाच होता, आणि त्याला पुरेल एवढं पोटात काही नव्हतं. डोस घड्याळाला नव्हे तर जेवणाला बांधलेला असतो. राहून गेलेला डोस नंतर न जेवता भरून काढला की हेच होतं.

साखर ७०च्या खाली गेली की ती कमी. ५४च्या खाली गेली तर मेंदूलाच साखर पुरत नाही, बोलणं-वागणं बिघडतं, आणि हा गंभीर टप्पा समजायचा. लक्षणं ठरलेली आहेत. घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक लागते, गोंधळल्यासारखं होतं. आणि चिडचिड होते. या शेवटच्या लक्षणाबद्दल जोडप्यांना कोणी आवर्जून सांगत नाही. साखर खाली आली की शरीर ॲड्रिनलिन सोडतं, आणि माणूस जवळच्यावरच खेकसतो. त्या रात्रीचं “काय तुझं सारखं” हे वाक्य रागाचं असेल, साखरेचं असेल किंवा दोन्हींचं. ऐकून ते कळत नाही, बोटातून रक्ताचा थेंब काढल्याशिवाय इलाज नाही.

लाडू चुकले, कारण त्यातलं तूप साखरेचं शोषण लांबवतं. पेढा आणि चॉकलेट याच कारणाने चालत नाहीत. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर लागते. म्हणजे ग्लुकोज पावडरचे किंवा साध्या साखरेचे तीन सपाट चहाचे चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजूनही ७०च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. ७०च्या वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर अर्धी पोळी किंवा दोन साधी बिस्किटं. घाबरून दर तीन मिनिटांनी काहीतरी भरवत राहिलं की सकाळी २८७ दिसतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन करायचा.

दुसरा मुद्दा भाताचा. घरात पहारा फक्त भातावर होता. ज्वारीची भाकरी “चालते” म्हणून दोन दोन वाढली जायची. आठवडाभर स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवल्यावर चित्र बदललं. ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे शरीरात ज्याची साखर होते तो भाग, असतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८च्या आसपास. त्यांच्या घरची भाकरी ६५ ग्रॅम पिठाची, म्हणजे एकीत सुमारे ४५ ग्रॅम. दोन भाकऱ्यांचे ९० ग्रॅम कोणाच्याच खिजगणतीत नव्हते आणि भातावरून महिनाभर अबोला चालला होता. भाकरी वाईट नाही. तिच्यात तंतू आहेत, पोट भरतं. पण ती मोजणीतून सुटत नाही.

पहारा का बसला

बायकोला दोष देऊन हे प्रकरण उलगडत नाही. तिचे प्रश्न पाहा. “भात किती घेतलात?” “इंजेक्शन घेतलंत ना?” “चालायला गेलात का?” प्रत्येक प्रश्नामागे भीती आहे. तिच्या माहेरी एका काकांचा पाय मधुमेहाने गेलेला. त्यात दवाखान्याने नेमून दिलेलं काम, सासूबाईंची नजर, नणंदेचा फोन. त्याचा आकडा हे तिचं प्रगतिपुस्तक झालं होतं.

त्याच्या बाजूने पाहिलं तर हे प्रश्न चौकशी म्हणून ऐकू येत नाहीत, हजेरी म्हणून येतात. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर निकाल लागणार आहे, त्याला माणूस खरं उत्तर देत नाही. “एक वाटी” हे उत्तर तिथून येतं. यातली हानी नात्यापुरती राहत नाही. हीच खोटी एक वाटी डॉक्टरांच्या कागदावर जाते आणि डोस त्या हिशोबाने ठरतो. पहाऱ्यामुळे पथ्य सुधारलं नव्हतं, नोंद बिघडली होती. जोडीदाराच्या तब्येतीवर “लक्ष ठेवणं” आणि त्याला “साथ देणं” यांतला फरक आमच्या मते इथे आहे: निर्णय कोणाच्या हातात राहतो. तयारी, आठवण, बाजारहाट, डबा, दवाखान्यात सोबत, हे सगळं वाटून घेता येतं. स्वतःच्या ताटात काय घ्यायचं हे वाटून घेता येत नाही. ते काढून घेतलं की मोठा माणूस शाळकरी पोरासारखं वागायला लागतो, आणि मग समोरच्याला वाटतं की याच्यावर नजर ठेवायलाच हवी.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिलं पाऊल दवाखान्यात पडलं. दोघं एकत्र गेले, पण बोलायचं त्याने आणि लिहायचं तिने, असं आधी ठरवून. त्याने गुरुवारची रात्र खरी खरी सांगितली, दोन वाट्यांसकट. एकच प्रश्न मुख्य होता: पाळी बदलते तेव्हा काय करायचं? डॉक्टरांनी तीन पाळ्यांचे तीन रकाने लिहून दिले, कोणत्या जेवणाआधी किती युनिट आणि जेवण हुकलं तर काय. डोस कमी-जास्त करणं घरात होणार नाही, हेही तिथेच पक्कं झालं. तो कागद फ्रिजच्या दारावर लागला. शेवटी नवऱ्याने एक वाक्य म्हटलं, जे त्याला घरी तीनदा बोलून पाहावं लागलं होतं: “डॉक्टर, लक्ष मी ठेवणार. तिला फक्त शुगर लो झाली तर काय करायचं ते शिकवा.”

मग कामांची वाटणी. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञाने २०१९ साली घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग मांडले होते. गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं का ते पाहत राहणं. या घरात चारही भाग तिच्याकडे होते आणि तो फक्त सुई टोचत होता. वाटणी करताना “तुम्ही थोडी मदत करा” असं सांगून भागत नाही. एखादं काम सोपवायचं तर ते चारही भागांसकट सोपवायचं. मीटरच्या पट्ट्या संपत आल्या हे त्यानेच ओळखायचं, त्यानेच आणायच्या. एक पट्टी साधारण पंधरा ते पंचवीस रुपयांना पडते, त्यामुळे त्या किती आणि कधी वापरायच्या हेही त्याचंच गणित. पेन, सुया, वापरलेल्या सुया टाकायचा जाड प्लास्टिकचा डबा, पुढची तपासणी, सगळं त्याचं. तिच्याकडे डबा राहिला, पण डब्यात काय हे रविवारी दोघांनी मिळून ठरवायचं.

पेन कारखान्यात नेण्याचा प्रश्न उरला. वापरात असलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही. ३० अंशांच्या खाली, उन्हापासून दूर, साधारण २८ दिवस चालतं. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. हे कळल्यावर अर्धी अडचण सुटली. उरलेली अर्धी लाजेची. त्याने पाळीवरच्या एकाच सहकाऱ्याला सांगायचं ठरवलं, तेही “इंजेक्शन घेतो” एवढ्यावर न थांबता “मी घामाघूम होऊन विचित्र बोलायला लागलो तर माझ्या खिशातली ग्लुकोजची पुडी पाण्यात घालून पाज” असं. चालू यंत्राशेजारी उभ्या माणसाची साखर उतरणं ही एकट्याची बाब राहत नाही.

तिच्यासाठी दोन अपवाद लिहून ठेवले. त्याला कमी साखरेची लक्षणं दिसली, तर परवानगी न मागता मीटर आणायचं. त्याला उलट्या होत असतील किंवा जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना फोन करायचा. या दोन्ही वेळी त्याने वाद घालायचा नाही. बाकी सर्व वेळी तिने आकडा विचारायचा नाही. चिडचिडीसाठी दोन शब्दांची खूण ठरली: “मीटर आणू?” मात्र हा प्रश्न भांडणात टोमण्यासारखा वापरायचा नाही, हे दोघांनी मान्य केलं. तिसऱ्याच दिवशी तो तसा वापरला गेला. मग नियमात भर पडली: “मीटर आणू?” म्हणणाऱ्याने ते खरोखर आणायचं. मोजल्यावर आकडा १४० आला तर राग खरा आहे असं समजून भांडण पुढे चालू. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण त्याला याच गोष्टीने सर्वांत दिलासा मिळाला. आपला प्रत्येक राग शुगरच्या खात्यावर टाकला जाणार नाही याची त्याला खात्री हवी होती.

न दिसणारा आधार आणि त्याची किंमत

आधाराच्या अभ्यासात एक निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. नायल बोल्गर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कमधल्या, ज्यांतला एक जण वकिलीच्या परीक्षेची तयारी करत होता अशा जोडप्यांच्या रोजनिशा तपासल्या. जोडीदाराने आधार दिला पण घेणाऱ्याच्या तो लक्षात आला नाही, अशा वेळी घेणाऱ्याची उदासी कमी होती. लक्षात आलेल्या आधाराने मात्र कधीकधी “आपल्याला जमत नाही” ही भावना वाढवली.

हे या घरात लगेच पटलं. “तुमच्यासाठी बिनसाखरेचा चहा केलाय” असं जाहीर करण्यापेक्षा सगळ्यांचाच चहा कमी साखरेचा झाला, सासूबाई सोडून. पीठ मळताना भाकरीचा गोळा ६५चा ४५ ग्रॅमवर आला, कोणी काही बोललं नाही. पाळीच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी गेली.

पण हा निष्कर्ष मराठी घरात जसाच्या तसा आणताना थांबायला हवं. परीक्षा काही आठवड्यांची असते, मधुमेह जन्माचा. आणि आपल्याकडे बायकांचं काम आधीच अदृश्य आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांचे ८८. अशा घरात “आधार दिसू देऊ नका” हा सल्ला म्हणजे तिला आणखी गुपचूप राबायला सांगणं. त्यामुळे इथे असं ठरलं की ज्या क्षणी मदत होते त्या क्षणी तिचा गाजावाजा नको, पण आठवड्यातून एकदा तिचा हिशोब मांडायचा. रविवारी वीस मिनिटं बसायचं. काय संपलंय, पुढची पाळी कोणती, डब्यात काय, आणि या आठवड्यात कोणी कोणासाठी काय केलं. शेवटचा भाग त्याला अवघड गेला. पहिल्या रविवारी त्याला तिची दोनच कामं आठवली. तिने उरलेली नऊ वाचून दाखवली, आवाज न चढवता.

तिची बातमी

तिसऱ्या आठवड्यात दुसरीच गोष्ट वर आली. तिला पतसंस्थेत वरिष्ठ लिपिकपद मिळालं होतं. तिने घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, “म्हणजे मार्चअखेर आता रोज उशीर.” ही गोष्ट इन्सुलिनच्या चार महिने आधीची, आणि ती तिच्या मनात तशीच होती.

शेली गेबल आणि सहकाऱ्यांचं २००४चं काम याच प्रसंगाविषयी आहे. आनंदाची बातमी सांगणाऱ्याला जोडीदार चार प्रकारे उत्तर देतो. मनापासून रस घेतो, मोघम “छान” म्हणतो, त्यातली अडचण काढतो, किंवा विषयच बदलतो. यातलं पहिलं उत्तर मिळणाऱ्या जोडप्यांत जवळीक आणि समाधान जास्त आढळलं. मोघम “छान”ही पुरत नाही. आपल्याकडे दुःखात धावून जाण्याचं वळण पक्कं असतं. जोडीदाराच्या यशाचं कौतुक तोंडावर करायचं वळण कमी, दृष्ट लागेल म्हणूनही आणि सवय नाही म्हणूनही.

यावर त्याने करायची कृती अगदी साधी होती. उशिरा का होईना, तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. नवीन कामात काय काय येतं? आधी कोणाला सांगितलंस? तुला कशाची धाकधूक आहे? तिने चाळीस मिनिटं सांगितलं. थकीत कर्जांच्या नोटिसा आता तिच्या सहीने जाणार होत्या आणि त्यातली दोन नावं तिच्या शेजारच्या सोसायटीतली होती, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

कौतुक बोलण्यापुरतं राहू नये म्हणून एक काम पक्कं झालं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो सव्वाचारला घरी असतो. त्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि मुलीचा क्लास हे त्याचं. आमटीत मीठ किती हे तिने फोनवर सांगायचं नाही. पहिले दोन दिवस आमटी पातळ झाली आणि सासूबाई पाठ फिरवून बसल्या. “माझ्या लेकाला चुलीपाशी उभं केलं” हे वाक्य आलंच. त्याचं उत्तर तिने द्यायचं नव्हतं, त्याने द्यायचं होतं, आणि त्याने दिलं: “आई, सातव्या वर्षी तूच मला कुकर लावायला शिकवलंस.”

काय फसलं

दुसऱ्या आठवड्यात त्याने तीन दिवस मोजलंच नाही. मोकळीक मिळाल्यावर बहुतेक जण असं करतात. ती ठरल्याप्रमाणे गप्प राहिली, पण आतून धुमसत, आणि चौथ्या दिवशी सगळं एकदम बाहेर पडलं. कराराला एक तळ हवा होता. सलग दोन दिवस नोंद नसेल तर तिने एकदाच, संध्याकाळी, “नोंद दिसली नाही” एवढंच म्हणायचं, असं मग ठरलं. पूर्ण मौन हाही आधार नसतो.

संकष्टी चुकली. त्याने सकाळी नेहमीचा डोस घेतला आणि उपास धरला. दुपारी साखर ६६. मग साबुदाण्याची खिचडी, आणि दोन तासांनी २६०. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. इन्सुलिनवर असताना उपास धरायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांना विचारून ठेवावा लागतो. आता महिन्याच्या सुरुवातीलाच संकष्टीची तारीख पाहिली जाते. तिने सुचवलं होतं की उपास मी धरते, तुम्ही जेवा. त्याने नाही म्हटलं. तो निर्णय त्याचा होता, म्हणून तिने तो तिथेच सोडला.

आणि एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. साधारण दीड महिन्याने तिच्या हाताला त्याच्या बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढा घट्ट उंचवटा लागला. तो रोज त्याच जागी टोचत होता, कारण तिथे दुखत नव्हतं. एकाच जागी इन्सुलिन घेत राहिलं की कातडीखाली चरबीची गाठ होते, तिथे दुखणं कमी होतं आणि इन्सुलिन शोषलं जाण्याचा भरवसा राहत नाही. आज १८०, उद्या २५०, जेवण तेच. म्हणजे ज्या आकड्यांवरून “खोटं बोलताय” असा संशय घेतला गेला, त्यातले काही गाठीचे होते. तिला हे समजलं त्या संध्याकाळी तिने माफी मागितली. इलाज असा: दर वेळी निदान एक बोट अंतर सोडायचं, पोटाचे चार भाग करून आठवड्याला एक, ४ मिलिमीटरची सुई, ती दर वेळी नवी. टोचण्याआधी पेन तळहातांत दहा वेळा घोळवायचं आणि दहा वेळा उलटसुलट करायचं, २ युनिट हवेत सोडून पाहायचे, बटण दाबल्यावर सुई दहा सेकंद आतच ठेवायची. गाठीची जागा सोडून ताज्या जागी जाताना मात्र आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण तिथे तोच डोस पूर्ण लागू होतो आणि साखर एकदम उतरू शकते.

चार महिन्यांनंतर

एचबीएवनसी ७.९. सरासरी १८०च्या आसपास. डॉक्टरांना ७च्या जवळ हवं आहे. रात्री साखर उतरण्याचा प्रसंग पुन्हा एकदा आला, आकडा ६४. या वेळी मीटर उशाशी होतं, ग्लुकोज तीन चमचे, पंधरा मिनिटं दोघं घड्याळाकडे बघत बसले, पुन्हा मोजल्यावर ९२. अर्धी पोळी खाऊन झोपले. मुलगी उठलीही नाही. नणंदेचा फोन आता त्याच्या मोबाइलवर येतो. शुगरविषयी कोणी तिला विचारलं तर “त्यांनाच विचारा” असं ती म्हणते. सुरुवातीला हे उद्धट वाटेल अशी तिला भीती होती.

अशी वाटणी सगळीकडे लावता येत नाही. जिथे जोडीदाराची दहशत आहे, पैसे अडवले जातात, हात उचलला जातो, तिथे करार आणि खुणा उपयोगी नाहीत. स्त्रियांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. आणि आजाराच्या कंटाळ्यानेच माणूस पूर्ण खचला असेल, औषध घ्यायची इच्छाच उरली नसेल, तर जोडीदाराने एकट्याने ते ओढू नये. १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा मराठीतही बोलते.

या घरात अजून न बसलेली गोष्ट म्हणजे तिसरी पाळी. रात्री बारा ते सात काम, सकाळी आठला जेवण की नाश्ता, दुपारी झोप, आणि रविवारची बैठक कायमच हुकलेली, कारण रविवारी तो आठवड्याची झोप काढत असतो. सध्या त्या आठवड्यात बैठक सोमवारी संध्याकाळी सहाला होते, ती पतसंस्थेतून आल्यावर आणि त्याचा डबा भरताना, ओट्यापाशी उभ्या उभ्या. कागदावरचा तिसरा रकाना डॉक्टरांनी आतापर्यंत दोनदा बदलून दिला आहे.